समुद्राचा जमाखर्च

१९२१-२२ साली मुंबई सरकारने ‘विल्यम कॅरिक’ हे वाफेवर चालणारे ट्रॉलर मत्स्यक्षेत्रांच्या पाहणीसाठी समुद्रात धाडले. १९४६ साली मुंबईत खोल समुद्रातील मासेमारीचे केंद्र निघाले. आजचे भारतीय मत्स्य सर्वेक्षण हे त्याचेच वाढलेले रूप होय. मासळी कोठे व किती, हे या प्रायोगिक जाळ्यांनी दाखविले. मागोमाग यांत्रिक नौका गेल्या. परंतु तळ खरवडणारे जाळे मोठ्या मासळीबरोबर पिलेही उचलते, आणि त्याची झळ छोट्या होडीच्या कोळ्यास प्रथम पोचते. १९८१ च्या राज्य कायद्याने ट्रॉलरवर निर्बंध घालण्याचा अधिकार शासनास दिलाच आहे. पाहणीचे काम मासळी शोधून देण्यापुरते नव्हे. किती शिल्लक ठेवावी हेही तिने सांगावे, आणि शासनाने ते निश्चयाने अंमलात आणावे.