कॅलिपर घरी उघडल्यानंतर ब्रेकमध्ये दोष का राहतात?

इंदूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर, माळव्याच्या पठारावर वसलेले आहे. तेथील अनेक मराठी कुटुंबे सणासुदीस धुळे, नाशिककडे मोटारीने येतात. महू मागे पडले की मानपूरनजीक रस्ता पठारावरून निमाडात उतरू लागतो. खलघाटास नर्मदा ओलांडल्यावर पुढे सेंधव्यानंतर बिजासनचा घाट येतो. एक हजार किलो वजनाची मोटार १०० मीटर खाली उतरते, तेव्हा सुमारे तीन लिटर पाणी उकळीस आणू शकेल इतकी ऊर्जा निर्माण होते. गाडी खालच्या गिअरमध्ये असल्यास यातील काही भाग इंजिन पेलते. उरलेली सर्व उष्णता ब्रेकला सोसावी लागते. शहरातील सपाट रस्त्यावर लक्षात न येणारा दोष घाटात उघडा पडतो तो यामुळेच.

अलीकडे दुरुस्ती संच आणून कॅलिपर घरीच उघडण्याची प्रथा वाढली आहे. काम अवघड नाही, मात्र त्यातील तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. पेडल दाबताच मास्टर सिलिंडरमधील तेलाचा दाब नळ्यांतून कॅलिपरमधील पिस्टनवर येतो, पिस्टन पॅडना पुढे ढकलतो आणि फिरणारी चकती दोन्ही बाजूंनी आवळली जाते. पेडल सोडल्यावर पिस्टनला मागे खेचणारी स्प्रिंग येथे नसते. पिस्टनभोवतीचे चौकोनी छेदाचे रबरी सील दाबाखाली किंचित पिळले जाते व दाब जाताच पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे आणते. बहुतेक तक्रारींचे मूळ या लहानशा रबरात, अथवा तेलात शिरलेल्या हवेत सापडते.

सर्वांत जास्त आढळणारी तक्रार म्हणजे पेडल मऊ, स्पंजसारखे लागणे. तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पायाचा जोर हवा आवळण्यातच खर्च होतो. वारंवार हवा काढूनही पेडल कडक होत नसेल, तर प्रथम हवा काढण्याचे निपल कोठे आहे ते पाहावे. डाव्या व उजव्या चाकांचे कॅलिपर दिसावयास सारखे असतात आणि बसविताना त्यांची अदलाबदल होते. तसे झाल्यास निपल खालच्या बाजूस येते, हवेचा बुडबुडा वर अडकून राहतो आणि कितीही तेल सोडले तरी तो निघत नाही. चांगले मिस्त्रीही यात तासन्‌तास घालवितात. निपल नेहमी वरच्या टोकास असले पाहिजे. वाहनाच्या पुस्तिकेत निराळा क्रम दिलेला नसेल, तर मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून हवा काढण्यास आरंभ करावा व टाकीतील तेल एकदाही तळास जाऊ देऊ नये.

पेडल प्रथम कडक लागून पायाखाली हळूहळू बसत जात असेल आणि बाहेर कोठेही तेल गळत नसेल, तर दोष बहुधा मास्टर सिलिंडरचा असतो. जुन्या सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात न येणाऱ्या भागावर गंज साचतो. हवा काढताना पेडल तळापर्यंत दाबल्यास आतील रबर त्यावर घासून फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवल्यास हे टळते. इंजिन सुरू करताच पेडल थोडे खाली जाणे हा मात्र दोष नव्हे. ते बूस्टर काम करीत असल्याचे लक्षण आहे.

चाक धरून राहणे, एक रिम दुसरीपेक्षा फार तापणे, गाडी एका बाजूस ओढणे, ही दुसऱ्या प्रकारची लक्षणे होत. सील बसविण्याच्या खाचेतील गंज न खरवडल्यास सील घट्ट आवळले जाते व पिस्टन मागे येत नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या कोरड्या असल्या तरी हाच परिणाम होतो. त्यांना साधे ग्रीस लावू नये, कारण खनिज तेलाने ब्रेकचे रबर फुगते. ब्रेकसाठीचे सिलिकोन ग्रीसच वापरावे. हे सर्व ठीक असूनही चाक अडकत असेल, तर निपल किंचित सैल करून पाहावे. दाब सुटून चाक मोकळे झाल्यास कॅलिपर निर्दोष असून बहुधा जुना रबरी होज आतून सुजलेला असतो. तो तेल जाऊ देतो, परतू देत नाही.

ब्रेक तेलाबाबत हयगय नको. डॉट ३ प्रतीचे ताजे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते, परंतु हवेतील ओलावा शोषल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरू शकते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० व १५५ आहेत. घाटात तेल उकळले की त्याची वाफ होते, आणि वाफ हवेप्रमाणेच दबते. म्हणून पावसाळाभर उघडा राहिलेला डबा स्वस्त पडला तरी वापरू नये. होज जोडणीचे तांब्याचे वायसर प्रत्येक वेळी नवे घालावेत.

पिस्टन मागे ढकललेला असल्याने काम संपल्यावर पहिल्या काही दाबांत ब्रेक मुळीच लागत नाही. गाडी जागेवर उभी असतानाच पेडल कडक होईपर्यंत दाबावे. हे विसरल्याने गाडी अंगणातच भिंतीवर जाऊन आदळते. त्यानंतर मोकळ्या मैदानात मंद गतीने चाचणी घ्यावी व नवे पॅड बसेपर्यंत घाटाचा प्रवास टाळावा.

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस बंधनकारक आहे. त्या यंत्रणेत हवा शिरल्यास ती काढण्यास अनेकदा संगणकीय उपकरण लागते, तेव्हा अशी गाडी कार्यशाळेतच न्यावी. सदोष वाहन सार्वजनिक रस्त्यावर चालविणे मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १९० अन्वये दंडनीय आहे, मग दुरुस्ती घरी झालेली असो वा गॅरेजमध्ये.