डबलसीटवरून पुढच्या सीटवर

गेल्या रविवारी दुपारची जेवणं आटोपली, झाकपाक झाली आणि आमच्या माजघरात एक छोटीशी सभाच भरली. विषय होता पुतणीच्या गाडीचा. बारावीचा निकाल चांगला लागला, पुण्यातल्या कॉलेजात प्रवेश मिळाला, कोथरूडला नात्यातल्या एका आजींकडे राहायची सोयही झाली. आता तिचं एकच मागणं, "मला गाडी हवी." गाडी म्हणजे अर्थात स्कूटर.

मामंजींनी हातातला पेपर बाजूला ठेवला. "पुण्याच्या रस्त्यावर गाडी? रोज वाचतोय मी अपघाताच्या बातम्या. बसने जा म्हणावं." सासूबाई म्हणाल्या, "तिथे म्हणे गाड्यांची नुसती मार्लेश्वराची जत्रा असते गो!" भावजी काहीच बोलले नाहीत. जाऊबाईंनी मात्र माझ्याकडे पाहिलं. "तू सहा वर्षं चालवलीस ना तिथे? सांग बाई तूच काय ते."

खरं सांगू का? मला पटकन उत्तर देता येईना. 'होय' म्हणावं तर उद्या काही झालं की बोल माझ्यावर. 'नको' म्हणावं तर ज्या गाडीने मला एवढं दिलं तिच्याशीच बेइमानी. म्हटलं, दोन दिवस द्या, मग सांगते. त्या दोन दिवसांत जे जे आठवलं तेच आज तुम्हां मैत्रिणींना सांगत आहे. घरात कॉलेजला जाणारी मुलगी असेल तर हा प्रश्न तुमच्याही माजघरात कधीतरी येणारच आहे.

लग्नानंतर २०१५ साली आम्ही कोथरूडला बिऱ्हाड केलं. मला सदाशिव पेठेतल्या एका शाळेत अर्धवेळ नोकरी मिळाली. अंतर जेमतेम सहा-सात किलोमीटर. आपल्याकडे देवरुखाहून संगमेश्वरला जायचं तर याच्या अडीचपट रस्ता, पण तो एस.टी.त बसलं की डुलकी काढता काढता संपतो. पुण्यातले सहा किलोमीटर मात्र संपता संपत नाहीत. दोन बस बदलायच्या, रस्त्यावरची गर्दी फुटायची, तोवर तासाच्या वर वेळ जाई. म्हणून सकाळी हे मला मोटारसायकलवरून शाळेत सोडू लागले आणि येताना मी बसने येऊ लागले.

डबलसीट बसण्याचं सुख तुम्हांलाही ठाऊक आहे. मागे बसलं की आपल्याला काही काळजी नाही, वारा खायचा, दुकानांच्या पाट्या वाचायच्या. पण रोजचं झालं की त्याचे काटे टोचायला लागतात. ह्यांना उशीर झाला की मलाही उशीर. ह्यांची सुट्टी, पण माझी शाळा चालू, की झोपमोड कुणी करायची यावर कुरबुर. वाटेत भाजी दिसली तरी "थांबा" म्हणायची सोय नाही, कारण ऑफिसची घाई. डब्यात पोळ्या किती ठेवायच्या हे मी ठरवणार, पण घरातून कधी निघायचं हे काही मी ठरवणार नाही!

आणि मग तो जुलैतला दिवस आला. पाऊस भुरभुरत होता. मी साडीत, एका बाजूला बसलेली, वर रेनकोट. ह्यांच्या डोक्यावर हेल्मेट, माझ्या नाही. मागे बसणारीला कशाला हवं, अशीच तेव्हा समजूत. सिग्नल सुटला, गाडी हलली आणि पदर कुठेतरी ओढला जातोय असं वाटेपर्यंत मी रस्त्यावर होते. रेनकोटाखालून सुटलेला पदर मागच्या चाकात गुंतला होता. गाडीला वेग नव्हता म्हणून वाचले. कोपर सोलवटलं, फुटपाथच्या कडेवर डोकं आपटलं, तीन टाके पडले. मागून येणाऱ्या रिक्षावाल्याने वेळेवर ब्रेक दाबला, त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

नंतर कळलं की चूक नशिबाची नव्हती. आमची गाडी जुनी घेतलेली. आधीच्या मालकाने मागच्या चाकापाशी असणारा साडी गार्ड काढून टाकला होता, का तर गाडी दिसायला बरी दिसत नाही! आम्हीही कधी पाहिलं नाही. वास्तविक मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं चाक निदान अर्धं झाकलेलं असावं, धरायला मूठ आणि पाय ठेवायला पायटा असावा, असं १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार हेल्मेटसुद्धा चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्याला, दोघांनाही लागतं. म्हणजे आपल्या पदराची काळजी कायद्याने केव्हाच घेतली होती, आम्हीच ती स्पॅनरने काढून अडगळीत टाकली होती!

टाके निघाले त्या संध्याकाळी मी ह्यांना म्हटलं, "मी आता मागे बसणार नाही. मी चालवायला शिकणार." लोकांना वाटतं, पडलेली बाई गाडीला घाबरेल. माझं उलट झालं. मागे बसून पडण्यापेक्षा पुढे बसून सावरणं बरं, असं मनाने घेतलं.

नवऱ्याकडून गाडी शिकू नये, हा माझा सर्व भगिनींना प्रेमाचा सल्ला. दोन रविवार आम्ही मैदानावर गेलो आणि दोन्ही रविवारी घरी येऊन एकमेकांशी बोललो नाही. शेवटी आमच्या शेजारणीने मनावर घेतलं. त्या बँकेत होत्या, वीस वर्षं गाडी चालवत होत्या. त्यांनी पहिल्या दिवशी गाडी सुरूच करू दिली नाही. नुसती स्टँडवरून काढायची, हाताने ढकलत न्यायची, वळवायची, पुन्हा स्टँडला लावायची. "आधी तिचं वजन ओळखीचं होऊ दे," म्हणाल्या. महिन्याभराने आर.टी.ओ.त पाय न टेकता इंग्रजी आठचा आकडा काढला आणि लायसन्स हातात पडलं. बी.ए.च्या निकालाच्या दिवशी झाला नसेल एवढा आनंद त्या दिवशी झाला.

आता त्रासाचं सांगते, कारण तेही जाऊबाईंना कळायला हवं. त्या वर्षांत कर्वे रस्त्यावर मेट्रोचं काम सुरू होतं. आज असलेला रस्ता उद्या पत्र्यांच्या आड. नळ स्टॉपच्या चौकात एकेका सिग्नलला दोन-दोनदा थांबायचं. समोर बसचा धूर, डाव्या हाताला घुसणारी मोटारसायकल, उजव्या हाताला हॉर्नवर अंगठा दाबून ठेवलेला कुणी राजा. लकडी पुलावर तेव्हा दिवसा दुचाक्यांना बंदी असे. नवखी माणसं बरोब्बर तिथे शिरायची आणि पावती फाडून यायची, मीही त्यातलीच एक! पार्किंग तर सम तारखेला रस्त्याच्या या बाजूला आणि विषम तारखेला त्या बाजूला. तिथी पाहून उपास करणाऱ्या आपण बायका, गाडी लावायलाही कालनिर्णय पाहावं लागेल असं वाटलं नव्हतं. एकदा पाच मिनिटं दुकानात गेले आणि येऊन पाहते तो गाडी उचलून नेलेली. हातात दोन किलो साखर, डोक्यावर ऊन, आणि डोळ्यांत पाणी.

पण सुखाचं पारडंही हलकं नाही. शाळा सुटल्यापासून पंचवीस मिनिटांत मी घरी पोचू लागले. बसपेक्षा रोजचा अर्धा-पाऊण तास वाचला. त्या वेळेत मी काय केलं म्हणाल, तर पुष्कळदा काहीच नाही. चहा केला आणि बसून प्यायले. बसून चहा पिणं म्हणजे काय चीज असते हे तुम्हांला वेगळं सांगायला नकोच. मंडईत थांबून भाजी घेतली, कधी लायब्ररीत डोकावले, आजारी मैत्रिणीला भेटले. कुणाला विचारायचं नाही, कुणाची वाट पाहायची नाही.

डेक्कनहून पेठांकडे जायला झेड ब्रिज आहे. तो फक्त दुचाक्यांचा. तिथे ना बस, ना मोटारी. थंडीच्या सकाळी त्या पुलावरून जाताना खाली मुठेचं पात्र, अंगावर कोवळं ऊन. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की शेजारचा भिडे पूल पाण्याखाली जायचा आणि झेड ब्रिजवर पाणी बघणाऱ्यांची गर्दी व्हायची. नदी भरली की माणसं बघायला धावतात, यात पुणं आणि कोकण सारखंच. त्या रस्त्यावरची वीस-पंचवीस मिनिटं मी कुणाची सून नसे, कुणाची बाई नसे. डोक्यात फक्त रस्ता.

रुमालाची गंमत सांगायलाच हवी. धूळ आणि ऊन लागू नये म्हणून पुण्यातल्या मुली-बायका डोळे सोडून सगळा चेहरा रुमालाने गुंडाळतात. एक बाई रोज सिग्नलला मला हात करायच्या, मीही करायची. महिन्याभराने कळलं की त्या आमच्याच शाळेच्या चित्रकलेच्या शिक्षिका!

हे सुख काही माझ्याच पिढीचं नाही. पुणं पूर्वी सायकलींचं शहर. बजाजच्या स्कूटरसाठी एकेकाळी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली लूना आणली. पन्नास सी.सी.चं इंजिन, गिअर नाही, आणि पेट्रोल संपलं तर सायकलसारखी पायडल मारत घरी न्यायची. माझी मावशी लूनावरून शाळेत जायची. पुढे १९८४ मध्ये बटन दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा आली आणि किक मारण्याचीही गरज संपली. मावशी म्हणायची, "लूना आली आणि मला संध्याकाळ मिळाली." त्या वाक्याचा अर्थ मला पुण्याने शिकवला.

मामंजींची भीतीही खोटी नाही. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली आणि त्यांतली शंभरात चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरची होती. पण त्याच्या जोडीला दुसराही आकडा ठेवावा. जगभरातल्या अभ्यासांचा एकत्र विचार केला तेव्हा दिसलं की हेल्मेटमुळे अपघातात जीव जाण्याची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याची शक्यता सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होते. तीन टाक्यांनंतर मला हे आकडे पाठ करावे लागले नाहीत!

म्हणून पुतणीसाठी एका कागदावर लिहून ठेवलं आहे, ते तुम्हीही आपल्या लेकीला वाचून दाखवा. हेल्मेट आय.एस.आय. शिक्क्याचंच घ्यायचं, आणि हनुवटीखालचा पट्टा लावला नाही तर ते डोक्यावर राहतच नाही. ओढणी दोन्ही खांद्यांवरून मागे सोडायची नाही, गाठ मारून कमरेला खोचायची किंवा पिशवीत ठेवायची. साडी असेल तर पदराला पिन आणि वर जाकीट. पहिल्या पावसात रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा ब्रेक हळू आणि दोन्ही मिळून दाबायचे. गटाराची लोखंडी झाकणं आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे ओले झाले की तुळतुळीत होतात. बसच्या डाव्या अंगाने कधी पुढे जायचं नाही, ड्रायव्हरला आपण दिसत नाही. चाकांतली हवा आठवड्याला तपासायची. फोन वाजला तर वाजू द्यायचा, आईचा असला तरी. आणि आईने, म्हणजे आपण, मुलगी रस्त्यावर असेल तेव्हा "पोचलीस का?" म्हणून फोन करायचा नाही. हे शेवटचं कलम सर्वांत अवघड.

आम्ही पुणं सोडलं २०२१ साली, आणि लगेच पुढच्या वर्षी, ६ मार्चला, कर्वे रस्त्यावरची मेट्रो सुरू झाली. खोदकाम आमच्या वाट्याला, गाडी दुसऱ्यांच्या! आता पुतणीला मेट्रोही आहे. जवळच्या स्टेशनापर्यंत गाडी आणि पुढे मेट्रो, असंही तिला करता येईल. रोज सगळीकडे गाडीच हवी असं काही नाही.

मंगळवारी रात्री मी माझा निकाल सांगितला. गाडी द्यावी, पण पुण्यात नेऊन थेट हातात देऊ नये. मेमध्ये तिला अठरा पूर्ण झाली आहेत, तेव्हा शिकाऊ लायसन्स इथेच काढावं. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेला तीस दिवस थांबावंच लागतं, तो महिना माझ्या गाडीवर शिकवणी. आणि गाडीच्या आधी हेल्मेट, तेही दोन. एक तिला, एक मागे बसेल तिला. मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हेल्मेटचे पैसे मी देतो." आमच्या घरात याचा अर्थ 'होय' असा होतो.

काल पहिला धडा झाला. अर्थात गाडी सुरू न करता, नुसती ढकलत. नंतर आम्ही दोघी बाजारात गेलो, मी पुढे, ती मागे, दोघींच्याही डोक्यावर हेल्मेट. देवरुखात अजून हे दृश्य विरळाच. किराणा दुकानदार हसून म्हणाले, "काय वहिनी, मुंबईला निघालात की काय?" मी म्हटलं, "नाही हो, कोथिंबीर आणायला." पुतणी लाजली, पण हेल्मेट काही तिने काढलं नाही. तिथेच माझी निम्मी काळजी मिटली. उरलेली निम्मी जाऊबाईंनी आणि मी वाटून घ्यायची आहे.