गेंड्यासमोर बसलेला चित्रकार

आमच्या चांदवडचा रंगमहाल तुम्हाला माहीत असेलच. होळकरांचा वाडा, अहिल्याबाईंच्या नावाशी जोडलेला, भिंतींवर जुनी चित्रं. त्या काळच्या भिंतीचित्रांत हत्ती-घोडे भरपूर, पण बहुतेक वेळा कुणाच्या तरी मिरवणुकीत नाहीतर लढाईत. प्राण्याचं स्वतःचं पोर्ट्रेट क्वचितच. म्हणून आज त्याच काळातल्या एका वेगळ्या चित्राबद्दल बोलू.

साल १७९०. अहिल्याबाई महेश्वरहून कारभार बघत होत्या. तिकडे पुण्यात, सवाई माधवराव पेशव्यांच्या शिकारखान्यात एक गेंडा होता. गंगाराम तांबट या पुण्याच्याच चित्रकाराने त्याचं जलरंगात चित्र काढलं. इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेटसाठी तो काम करायचा. ते चित्र आज अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहालयात आहे.

आता म्हणाल, यात विशेष ते काय? तर १५१५ साली जर्मनीच्या ड्यूररनेही गेंडा काढला होता, भारतातून लिस्बनला गेलेला. पण त्याने तो पाहिलाच नव्हता! कुणाचं तरी वर्णन आणि एक रेखाटन, एवढ्यावर काम. त्यामुळे कातडी चिलखतासारखी आणि पाठीवर एक जादा शिंग. युरोपात पुढे कितीतरी वर्षं लोक तोच गेंडा खरा मानत राहिले. आपला गंगाराम मात्र जनावर बघून काढत होता.

आणि हे सोपं नसतं बरं का. प्राणी पोझ देत नाही. म्हणून आधी पेन्सिलने झटपट बांधा पकडायचा: पाठीची रेघ, मान, पाय. मग वर पातळ जलरंग. हा रंग पारदर्शक, चूक झाकत नाही. पांढरा हवा तर कागद कोराच ठेवायचा. डोळ्यातली चमकसुद्धा आधीच सोडून ठेवावी लागते. म्हणजे रंग लावण्याआधी नीट बघणं आलंच.

पेशवाई गेली, शिकारखाना गेला, गेंडा गेला. कागद राहिला.

आपल्याकडेही ट्रॅक्टर आल्यापासून दावणीच्या बैलजोड्या कमी होत चालल्यात. येत्या पोळ्याला फोटो काढाच, पण दहा मिनिटं पेन्सिलही हातात घ्या. शिंगांचा बाक, जोखडाने खांद्यावर पडलेला घट्टा... चित्र बिघडलं तरी चालेल. आपला बैल शेजारच्या बैलापेक्षा वेगळा कसा, ते तेव्हा खरं दिसतं.