काडतूस घरी भरणे परवडते का?

भात पोटरीला आले की फोंडाघाटच्या आसपासच्या वाड्यांमध्ये रात्रीची राखण सुरू होते. घाटाच्या माथ्यावर दाजीपूरचे जंगल, पायथ्याशी कणकवली तालुक्यातली भातशेती आणि काजूच्या बागा, अशी या गावाची रचना आहे. रानडुकरांचा कळप एकदा कुणग्यात शिरला, की सकाळपर्यंत वर्षाची बेगमी चिखलात तुडवली जाते. गवे आले तर कुंपणही उरत नाही. म्हणूनच शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक ही सिंधुदुर्गातल्या पुष्कळ घरांना परिचयाची वस्तू आहे. ती बहुधा ठासणीची असते, काही ठिकाणी बारा बोअरची काडतुसाची.

काडतुसाच्या बंदुकीचा बार काढला, की रिकामी नळकांडी बाहेर पडते. तिचे पितळी बूड चकचकीत असते, प्लॅस्टिकचा भागही बहुतेक शाबूत असतो. मुले ती गोळा करून शाळेत आणतात आणि सहज विचारतात, ‘‘गुरुजी, ही परत भरता येणार नाही का?’’ मोठ्यांच्या मनातही हाच प्रश्न असतो. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे आपण हातानेच भरतो, मग काडतूस विकत कशाला घ्यायचे? प्रश्न रास्त आहे. तो नुसता ‘नको’ म्हणून टाळण्यापेक्षा हिशेब मांडून सोडवावा, असे आम्हाला वाटते. या हिशेबात गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या तिन्हींना काम आहे.

काडतुसात असते काय?

काडतुसाचे पाच भाग असतात. बाहेरची नळकांडी पूर्वी कागदाची किंवा पितळेची असे, आता ती प्लॅस्टिकची असते. तिच्या बुडाच्या मध्यभागी एक छोटी टोपी असते. चाप ओढला की बंदुकीतली टाचणी टोपीवर आपटते आणि टोपीतले संवेदनशील रसायन पेट घेते. ती ठिणगी आतल्या दारूला लागते. दारूच्या पुढे डट्टा असतो आणि त्याच्या पुढे शिशाचे छर्रे. डट्टा वायूला अडवून धरतो आणि छर्ऱ्यांना पुढे ढकलतो.

‘बारा बोअर’ म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना गणित म्हणून घालता येईल. एक पौंड शुद्ध शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या, तर त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम, तेव्हा एका गोळीचे वस्तुमान ३७.८ ग्रॅम. शिशाची घनता दर घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम धरली, की गोळीचे घनफळ ३.३३ घन सेंटिमीटर येते. त्यावरून व्यास काढला तर तो सुमारे १८.५ मिलिमीटर भरतो. प्रत्यक्ष नळीचा व्यासही तेवढाच असतो.

पहिला हिशेब : पैशांचा

काडतूस पुन्हा भरायचे, तर टोपी बसवण्याचे व तोंड दुमडण्याचे यंत्र आणि अचूक तराजू लागतो. हा आरंभीचा खर्च. नंतर दर वेळी टोपी, दारू, डट्टा आणि छर्रे लागतात. वाचते ती फक्त नळकांडी, आणि तीही काही वेळांनंतर तोंडाशी चिरते. आरंभीचा खर्च ‘क’, विकतच्या काडतुसाची किंमत ‘ब’ आणि घरी भरलेल्याचा खर्च ‘घ’ मानला, तर किती काडतुसे भरल्यावर खर्च फिटेल? उत्तर सोपे आहे : क भागिले (ब – घ).

आता काही आकडे मानू. हे बाजारभाव नव्हेत, उदाहरणासाठी घेतलेल्या संख्या आहेत. क = १२,००० रुपये, ब = १०० रुपये आणि घ = ६० रुपये. एका काडतुसामागे ४० रुपये वाचतात, म्हणून ३०० काडतुसांनंतर खर्च फिटतो. उडत्या चकत्यांवर नेम धरणाऱ्या खेळाडूला ही संख्या काहीच नाही. ऑलिंपिकच्या ट्रॅप प्रकारात पात्रता फेरीतच १२५ चकत्या असतात आणि प्रत्येकीवर दोन बार काढण्याची मुभा असते. सरावाचे बार वेगळेच. म्हणूनच अमेरिकेत हौशी नेमबाज वर्षानुवर्षे काडतुसे घरी भरत आले आहेत. तिथे सुटे साहित्य मोकळेपणाने मिळते आणि दारू बनवणारे कारखाने तपासलेली कोष्टके छापून देतात.

आमच्या भागातल्या शेतकऱ्याचे काय? हंगामात त्याने दहा बार काढले असे मानू. मग ३०० काडतुसांना तीस वर्षे लागतील! बचत होते ती संख्येमुळे. संख्या लहान असेल तर यंत्र कितीही चांगले असले तरी ते अंगावर पडते. हाच नियम शिवणयंत्राला, पिठाच्या घरगुती चक्कीला आणि शाळेच्या छपाईयंत्रालाही लागू आहे.

यात आपण वेळेची किंमत धरलेली नाही. तासाला दहा काडतुसे भरली आणि तासाची मजुरी ५० रुपये मानली, तर दर काडतुसामागे आणखी ५ रुपये जातात. बचत ३५ रुपयांवर येते. पण खरी मोठी रक्कम अजून पुढेच आहे.

दुसरा हिशेब : दाबाचा

काळी दारू आणि बिनधुराची दारू या दोन पूर्णपणे वेगळ्या वस्तू आहेत. काळी दारू हे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण. ती जळल्यावर निम्म्याहून अधिक वस्तुमान घनरूपात मागे राहते. धूर आणि नळीतली काजळी ती हीच. कोकणातल्या दमट हवेत हे क्षार पाणी शोषतात आणि नळी गंजते, म्हणून ठासणीची बंदूक बार काढल्यावर धुवावी लागते. बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजपासून बनते आणि जवळजवळ सगळी वायुरूप होते. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी १८८४ मध्ये अशी पहिली उपयुक्त दारू तयार केली.

दोन्हींत फरक केवळ धुराचा नाही. काळ्या दारूचे पाच-साडेपाच ग्रॅम जे काम करतात, ते बिनधुराच्या दारूचे दीड ग्रॅमच्या आसपास करतात. शिवाय बिनधुराच्या दारूचा जळण्याचा वेग दाबाबरोबर झपाट्याने वाढतो. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, अधिक वेगाने जळली की दाब आणखी वाढतो. काळ्या दारूत हा परिणाम बराच सौम्य असतो.

बारा बोअरच्या नेहमीच्या काडतुसासाठी आंतरराष्ट्रीय मानकाने दाबाची कमाल मर्यादा ७४० बार ठरवली आहे. हवेच्या दाबाच्या सातशे पटींहून हे अधिक झाले. नळीच्या छेदाचे क्षेत्रफळ सुमारे २.७ चौरस सेंटिमीटर. दाब गुणिले क्षेत्रफळ केले, तर बंदुकीच्या मागच्या बाजूवर सुमारे २०,००० न्यूटन बल येते, म्हणजे दोन टन वजनाइतके. आणि त्यामागे लगेच माणसाचा गाल, डोळा आणि हात असतो.

आता जुन्या काळची गोष्ट लक्षात घेऊ. इंग्रजी अमदानीत शिकारी लोक पितळी काडतुसे पुन्हापुन्हा भरत. तेव्हा ते परवडे, कारण नळकांडी महाग आणि टिकाऊ होती. दारू काळी होती आणि ती नळकांडीतली बरीच जागा व्यापत असे. चुकून दुप्पट घातली तर छर्ऱ्यांना जागाच उरत नसे. चूक डोळ्यांना दिसे. बिनधुराची दारू थोडी लागते, म्हणून दुप्पट माप पडले तरी काडतूस मुकाट्याने बंद होते. चूक दिसते ती चाप ओढल्यावर!

तराजूचा मुद्दाही असाच आहे. दीड ग्रॅममध्ये ०.१ ग्रॅमची चूक म्हणजे जवळजवळ ७ टक्के. स्वयंपाकघरातल्या काट्याचे लघुतम माप बहुधा १ ग्रॅम असते. त्यावर दीड ग्रॅम मोजणे म्हणजे मीटरपट्टीने केसाची जाडी मोजणे होय.

सर्वांत मोठा धोका ठासणीच्या बंदुकीला आहे. काडतूस फोडून त्यातली दारू काळ्या दारूच्या नेहमीच्या मापाने ठासणीत भरली, तर नळी फुटणे जवळपास ठरलेले. ‘दारू ती दारू’ या समजुतीने बोटे आणि डोळे जातात.

तिसरा हिशेब : जोखमीचा

अपघाताची शक्यता पैशांत मांडता येते का? जिवाची किंमत होत नाही, पण उपचार आणि बुडालेली मजुरी यांची होते. समजा, घरी भरलेल्या दहा हजार काडतुसांत एकदा गंभीर इजा होते आणि त्याचा खर्च तीन लाख रुपये येतो. हे आकडेही मानलेलेच आहेत. तीन लाखांना दहा हजारांनी भागले, की प्रत्येक काडतुसाच्या वाट्याला ३० रुपये येतात. उरलेल्या ३५ रुपयांतून ते वजा केले, तर हाती राहतात फक्त ५ रुपये. आता खर्च फिटायला २,४०० काडतुसे लागतील. वर्षाला दहा बारांच्या हिशेबाने २४० वर्षे. संभाव्यता शिकवताना ‘अपेक्षित तोटा’ ही कल्पना समजावून देण्यास हे उदाहरण चांगले आहे. कारखाना हाच तोटा कमी करतो. १८६९ मध्ये सुरू झालेला खडकीचा दारूगोळा कारखाना बारा बोअरची काडतुसे बनवतो. असे कारखाने एकाच घाण्यातली काही काडतुसे उडवून त्यांचा दाब मोजतात. आपण विकतच्या काडतुसाला देतो त्या पैशांत या मोजणीचाही वाटा असतो.

शिशाचाही विचार हवा. छर्रे घरी ओतायचे म्हटले, तर शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते. त्याची भुकटी आणि काजळी हातावर, भांड्यांवर आणि अंगणात राहते. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीला घातक असते. जुन्या बॅटरीतले शिसे तर घरात वितळवूच नये.

आणि कायदा

भारतात हा प्रश्न एका अर्थाने आधीच सुटलेला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे बनवण्याचा परवाना नव्हे. विनापरवाना निर्मितीला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षांची शिक्षा आहे. शेतीसंरक्षणाच्या बंदुकीने वन्य प्राणी मारण्याची मुभाही आपोआप मिळत नाही. त्यासाठी १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली परवानगी लागते.

मग शेतकऱ्याने करावे काय?

खर्चाचा प्रश्न मूळ गरजेपासून मांडला, तर उत्तर बदलते. शेतकऱ्याला काडतूस नको असते, पीक वाचवायचे असते. बहुतेक बार प्राण्याला पळवून लावण्यासाठीच काढले जातात. वाडीने पाळीपाळीने राखण केली, तर बारांची संख्याच घटते. सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो, तो प्राण्याला दचकवतो पण मारत नाही. मात्र घरातल्या विजेची तार थेट कुंपणाला जोडणे हा गुन्हा आहे आणि त्यात माणसेही दगावतात. नुकसान झालेच, तर वन विभागाकडे लगेच कळवून पंचनामा करून घ्यावा. रानडुकरांनी व गव्यांनी केलेल्या पिकांच्या नुकसानीला सरकारी भरपाई आहे.

वर्गात दारूला हात न लावता बरेच काही दाखवता येते. खडीसाखरेचा खडा आणि तेवढ्याच वजनाची पिठीसाखर पाण्यात टाकून विरघळण्याचा वेळ मोजावा. पृष्ठभाग वाढला की क्रियेचा वेग का वाढतो, आणि दारूच्या कणांचा आकार कारखान्यात इतक्या काटेकोरपणे का राखतात, हे त्यातून कळते. वरची तिन्ही गणिते विद्यार्थ्यांनी स्वतः आकडे बदलून करून पाहावीत.

एक गोष्ट मात्र शिक्षकांनी अगदी स्पष्ट सांगावी. रिकामी समजून उचललेली नळकांडी कधीकधी न उडालेले काडतूस असते. टोपीवर टाचणीची खूण दिसली तरी आत दारू असू शकते. असे काडतूस ठोकू नये, उघडू नये, शाळेत आणू नये; ज्याच्या नावावर परवाना आहे त्या घरच्या मोठ्या माणसाला जागा दाखवावी. राखणीच्या हंगामात, पहिली सहामाही परीक्षा तोंडावर असताना, एवढे पाच मिनिटांत सांगून होते.