गुंड मोडीत घालण्यापूर्वी

चिखल्याचे नाव निघाले की मॅंगनीजची खाण डोळ्यांपुढे येते. १८९६ साली स्थापन झालेल्या सिंडिकेटपासून चालत आलेल्या कंपनीचे १९६२ मध्ये मॉइल झाले, आणि तुमसर तालुक्यात चिखला व डोंगरी बुजुर्ग येथे तिच्या खाणी आहेत. मॅंगनीजवाचून पोलाद होत नाही. गंमत अशी की, ज्या भंडाऱ्याला पितळी शहर म्हणून लोक ओळखत, त्याच जिल्ह्याच्या पोटातले खनिज अशा धातूच्या कामी येते की ज्याने घरोघरची पितळ मांडणीवरून खाली उतरवली!

आज गावात भंगारवाला आला की घरात वाद निघतो. सून म्हणते, हे जड गंज घासता घासता हात भरून येतात, शिवाय कल्हईचा खर्च. देऊन टाकू आणि स्टील घेऊ. सासूबाईंच्या आंदणात आलेला, नाव कोरलेला गुंड त्यात निघाला म्हणजे मग विचारूच नका. दोघींचेही थोडेथोडे खरे आहे. म्हणून रागलोभ बाजूला ठेवून हिशेब करून पाहू.

समजा, एका गंजाला कल्हई करायला दीडशे रुपये पडतात. रोजच्या रांधण्याला वर्षातून दोनदा तरी ती करावी लागते. म्हणजे दहा वर्षांत तीन हजार रुपये झाले. तेवढ्याच मापाचे स्टीलचे भांडे समजा सहाशेला आले आणि दहा वर्षे टिकले, तर पैशाच्या दृष्टीने स्टील सरळसरळ जिंकते. (आपल्या गावचे दर घालून हे गणित प्रत्येकीने स्वतः करावे.) रोजच्या वरणाभातासाठी पितळेचा आग्रह धरू नये, असेच आमचे मत आहे.

पण यावरून सगळीच पितळ मोडीत घालावी असे ठरत नाही. कल्हई लागते ती रांधायच्या भांड्याला. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. ताक, कढी, चिंचेचे सार असे आंबट त्यात राहिले की तांबे सुटते आणि पदार्थ कळकतो. तो पोटाला बाधतो. पाण्याच्या गुंडाला, गंगाळाला, परातीला हा प्रश्न नाही. चिंच किंवा राख लावून घासले की झाले, त्यांचा देखभालीचा खर्च जवळजवळ शून्य. उलट फायदाच आहे. २००५ साली ब्रिटनच्या नॉर्थम्ब्रिया विद्यापीठातील संशोधकांनी पाहिले की, पितळी भांड्यात पाणी दोन दिवस ठेवले तर जुलाब करणारे जंतू त्यात उरत नाहीत. अर्थात दोन दिवस लागतात. आज भरून आज प्यायच्या पाण्याला हा भरवसा नाही, ते उकळूनच घ्यावे.

लग्नाकार्याचे मोठे गंजही ठेवावेत. ते वर्षातून दोन-तीनदाच चुलीवर चढतात, म्हणून एक कल्हई बराच काळ पुरते. आणि पितळ मोडीतही वजनावर चांगला भाव खाते, स्टीलला तसा भाव येत नाही. भांडे घरात आहे तोवर ती रक्कम कोठे पळून जात नाही. घाई भंगारवाल्याला असते, आपल्याला नाही.

स्टील घेतानाही डोळे उघडे ठेवा. महाग निकेल कमी करून मॅंगनीज वाढवलेले स्वस्त स्टील बाजारात असते. ते मिठाच्या, आंबटाच्या पदार्थाने लवकर डागाळते. लोहचुंबक लावून हा फरक कळत नाही, तेव्हा दुकानदाराकडून प्रत विचारून बिलावर लिहून घ्यावी.

हाच हिशेब दुसरीकडेही चालतो. कुकरची रबरी रिंग आणि सेफ्टी व्हॉल्व्ह बदलणे केव्हाही परवडते. पण कुकरचा बूड फुगला असेल तर दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, तो टाकावा. तेथे प्रश्न पैशाचा नसून जिवाचा असतो. विहिरीवरची मोटार एकदा जळली तर कॉइल भरून घेणे ठीक. पुन्हापुन्हा जळत असेल तर दोष बहुधा विजेच्या दाबात किंवा पंपात असतो, आणि तो काढल्याखेरीज नवी मोटारही जळेल.

आता कल्हईविषयी. शुद्ध कथलाचीच करून घ्या. स्वस्त पडते म्हणून कोणी त्यात शिसे मिसळतो, आणि शिसे लेकरांना फार वाईट. कांडी हातात घेऊन कागदावर ओढून पाहा. काळी रेघ उमटली तर शिशाचा संशय धरावा आणि काम देऊ नये. भांडे तापवून नवसागर टाकतात तेव्हा धूर उठतो, मुलांना वाऱ्याच्या बाजूला बसवा. कथील २३२ अंशाला वितळते. म्हणून कल्हईचे भांडे रिकामे चुलीवर ठेवू नये, फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करावी, आणि आत राखेऐवजी मऊ चोथ्याने हलकेच घासावे. कल्हईवाला एका भांड्यासाठी भट्टी मांडायला कुरकुरतो. शेजारच्या चार-पाच घरांनी भांडी एकत्र काढली तर तो येतो आणि दरही कमी करतो.