पोलीस इतिहासाचे संग्रहालय आणि आपली शाळा

दरवर्षी २१ ऑक्टोबर रोजी देशातील सर्व पोलीस दले कर्तव्य बजावीत असता मृत्यू आलेल्या आपल्या सहकाऱ्यांना मानवंदना देतात. १९५९ साली याच दिवशी लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज या अतिशय उंच व निर्जन प्रदेशात, बेपत्ता झालेल्या साथीदारांच्या शोधार्थ निघालेल्या पोलीस पथकावर चिनी सैन्याने गोळीबार केला आणि त्यात दहा जवान धारातीर्थी पडले. त्या काळी सीमेवरचा पहारा पोलिसांकडे होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांस, किंबहुना आपल्यापैकी अनेकांसही, ठाऊक नसते. याच तिथीस, २०१८ साली, नवी दिल्लीतील चाणक्यपुरी येथे राष्ट्रीय पोलीस स्मारक व त्याला जोडून पोलीस संग्रहालय यांचे उद्‌घाटन झाले.

स्मारकाच्या मध्यभागी तीस फूट उंचीची अखंड पाषाणाची शिला उभी आहे. शेजारच्या भिंतीवर स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पोलिसांची नावे कोरली आहेत. उद्‌घाटनाच्या वेळीच ती चौतीस हजारांवर होती. संग्रहालय जमिनीखाली आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दंडव्यवस्थेपासून आजच्या केंद्रीय दलांपर्यंतचा प्रवास तेथे मांडला असून गणवेष, शस्त्रे, पोलीस बँड, महिला पोलीस यांच्या जोडीला घोडे, उंट, श्वान व कबुतरे या मूक सेवकांनाही जागा मिळाली आहे. कबुतरांचे नाव ऐकून मुलांना नवल वाटेल. परंतु ओडिशा पोलिसांनी १९४६ साली कोरापूटच्या डोंगराळ भागात, जेथे तार वा बिनतारी यंत्र पोचत नव्हते अशा ठाण्यांसाठी, खरोखरच कबुतरांची टपालसेवा सुरू केली होती.

आपल्या तालुक्यातील किती मुले दिल्लीस जाऊन हे संग्रहालय पाहतील? फार थोडी. तथापि संग्रहालयातील वस्तू वाचावी कशी, हे शिकण्यास दिल्लीस जावे लागत नाही, आणि याच एका कारणास्तव हा विषय येथे घेतला आहे.

साधी लाठी घ्या. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीपाशी सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांच्या हाती लाठीवाचून दुसरे शस्त्र नव्हते. समोरच्या अतिरेक्याच्या बंदुकीची नळी त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या स्वतःच्या देहावर घेतल्या आणि त्यामुळे तो जिवंत सापडला. सातारा जिल्ह्यातील केडंबे गावच्या या सुपुत्रास मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. आता दुसरे चित्र पाहा. ९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार येथे तिरंगा घेऊन निघालेल्या शाळकरी मुलांच्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या गेल्या व शिरीषकुमार आपल्या सोबत्यांसह हुतात्मा झाला. त्या गोळ्या झाडणारेही पोलीसच होते, आणि लाठ्याही त्यांच्याच हाती होत्या. एकीकडे ढाल झालेली लाठी, दुसरीकडे दडपशाहीची लाठी. लाकूड एकच, पण हुकूम कोणाचा आणि तो कोणाविरुद्ध, हे बदलले. ज्या संग्रहालयात पहिलीच गोष्ट सांगितली जाईल ते अपुरे होय, आणि दुसरीच सांगणारा धडाही तितकाच अपुरा.

असे का झाले याचे मूळ शोधू गेल्यास वाट आपल्या येवल्यावरूनच जाते. १८५७ च्या संग्रामातील सेनानी तात्या टोपे यांचा जन्म १८१४ साली येवल्यात झाला. घराण्याचे आडनावही येवलेकर. १८ एप्रिल १८५९ रोजी त्यांना शिवपुरी येथे फाशी देण्यात आले. पुढच्याच वर्षी सरकारने पोलीस आयोग नेमला व त्यातून १८६१ चा पोलीस कायदा जन्मास आला. आपल्या मुंबई इलाख्यासाठी १८६७ साली जिल्हा पोलीस व गाव पोलीस यांचे वेगळे कायदे झाले. पुन्हा उठाव होऊ नये, ही चिंता या रचनेच्या पायाशी होती. रयतेचे रक्षण हा हेतू नव्हताच असे नाही, पण तो दुय्यम होता. इयत्ता पाचवीच्या पुढील मुलांस हा संबंध सहज उमगतो, असा माझा अनुभव आहे. मात्र तो सनावळीने न सांगता गोष्टीने सांगावा.

ह्या कायद्यांपूर्वी गावे बेवारशी होती असे कोणी समजू नये. पाटील, चौगुला व जागल्या यांच्यावर गावाच्या रक्षणाचा भार असे. जागल्याचे काम बहुधा महार, रामोशी किंवा भिल्ल समाजातील माणसाकडे असे व त्याची नजर म्हणजे चालते-बोलते तपासखाते! चोरी झाली की तो पावलांचा माग काढी. ज्या पावलाचा ठसा स्पष्ट उमटला असेल त्याची लांबीरुंदी काडीने मोजून ठेवी आणि माग शेजारच्या गावाच्या शिवेत गेला की तेथील जागल्याच्या हवाली करी. मग पुढची जबाबदारी त्या गावाची. माग ज्या गावात थांबला त्याने चोर तरी द्यावा नाही तर नुकसान तरी भरून द्यावे, असा रिवाज होता. पेशवाईच्या अस्तानंतर एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीचे वर्णन आहे. जागल्याचा वारसा आज कोठल्याही काचेच्या कपाटात दिसत नाही, याची खंत वाटते. पाटीलकीचा धागा मात्र टिकला. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटलाचे पद वंशपरंपरेतून मोकळे केले आणि आज ते पात्रतेवर भरले जाते.

पावलांच्या ठशांवरून बोटांच्या ठशांकडे जाणे सोपे आहे. बोटांच्या ठशांचे पहिले कार्यालय जगात कोठे निघाले? लंडनला नव्हे, तर १८९७ साली कलकत्त्यास. ठशांच्या वर्गीकरणाचे किचकट गणित अझिझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी बसविले. पद्धतीला नाव मात्र त्यांच्या इंग्रज वरिष्ठाचे, हेन्री यांचे, पडले. वर्गात हा प्रयोग एका स्टँप पॅडवर होतो. आपल्या आज्या बोटांवर शंख व चक्र पाहत आल्या आहेत. शास्त्रातील मुख्य भेदही तेच, आणि तिसरा कमानीचा. शंख सर्वांत अधिक, चक्रे त्याखालोखाल व कमानी अगदी क्वचित आढळतात. चाळीस मुलांच्या चारशे बोटांची मोजदाद करून स्तंभालेख काढावा. गणित व विज्ञान दोन्ही साधतात. प्रयोगानंतर ठशांचे कागद मुलांना परत द्यावेत. शाळेच्या दप्तरी ठेवू नयेत.

या शेवटच्या सूचनेला कारण आहे. १८७१ साली सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला व १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यापर्यंत पोचला. विशिष्ट जातीत जन्मास येणे हाच अपराध ठरला. नोंद, बोटांचे ठसे, ठाण्यावर हजेरी, परवान्यावाचून गाव सोडण्यास बंदी, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती असे त्याचे स्वरूप होते. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला व या जमाती विमुक्त म्हणविल्या जाऊ लागल्या. त्यांची नातवंडे-पतवंडे आज आपल्या वर्गांत बसतात. वर्गात पेन हरवले की सर्वांच्या माना कोणत्या बाकाकडे वळतात, हे शिक्षकाने कधी तरी तटस्थपणे पाहावे. पोलिसांचा इतिहास शिकविताना हजेरीच्या त्या नोंदवहीची हकीकत सांगितलीच पाहिजे. ती सांगताना कोणत्याही मुलाचे आडनाव उच्चारू नये वा त्याच्याकडे पाहून बोलू नये. कायदा चुकीचा होता, माणसे नव्हेत, हे शिक्षकाच्या तोंडून एकदा स्वच्छ शब्दांत आले की बरेच काम होते.

जवळपास काय पाहता येईल, असे कोणी विचारील. पुण्याच्या येरवडा कारागृहात २६ जानेवारी २०२१ रोजी कारागृह पर्यटनाचा आरंभ झाला. १९३२ चा पुणे करार याच तुरुंगात झाला आणि त्यानंतर तीन वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली. सहलीचा बेत असल्यास ही संगती मुलांना आधी सांगून ठेवावी. गोव्यातील आग्वाद किल्ल्यावरचा तुरुंग, जेथे मुक्तिसंग्रामातील सत्याग्रही कोंडले गेले, तोही डिसेंबर २०२१ पासून संग्रहालय झाला आहे. आपल्या नाशिकला तर महाराष्ट्र पोलीस अकादमीच आहे. १९०६ साली सुरू झालेल्या प्रशिक्षणशाळेचा हा वारसा असून राज्यातील पोलीस उपनिरीक्षक तेथेच घडतात.

एवढा प्रवास न जमल्यास जानेवारीची वाट पाहावी. २ जानेवारी १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते महाराष्ट्र पोलिसांस ध्वज प्रदान झाला. त्या स्मरणार्थ दरवर्षी २ ते ८ जानेवारी या काळात ठाण्यांमधून शस्त्रांची प्रदर्शने भरतात व शाळांना बोलावणे येते. मुलांनी नुसत्या बंदुका मोजून परत येऊ नये. ठाण्यातील नोंदी कशा लिहितात, फिर्याद म्हणजे काय, रात्रपाळी किती तासांची, घरी सण कसा होतो, हे विचारावे. गावच्या पोलीस पाटलांस शाळेत बोलावून जुना बिल्ला, जुनी कागदपत्रे असल्यास दाखवावयास सांगावे व प्रत्येक वस्तूपुढे ती कोणी वापरली आणि कोणासाठी वा कोणाविरुद्ध वापरली, अशा दोन ओळी मुलांकडून लिहवून घ्याव्यात. ठाण्याच्या भेटीचे पत्र आठ दिवस अगोदर द्यावे. प्रश्न मुलांनी आपल्या भाषेत लिहावेत, आणि शिक्षकांनी ते सुधारण्याच्या भरीस पडू नये.