'अंकुश' : प्रार्थना आठवते, ते चौघे विसरले

'इतनी शक्ती' ही प्रार्थना कानावर पडली नाही असे घर सापडणे कठीण. शाळेच्या पटांगणावर मुले ओळीने उभी राहून ती म्हणतात, गॅदरिंगची सुरुवात तिने होते. पण ही प्रार्थना आली कोठून, असे विचारले तर बहुतेक जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. ती एका मारधाडीच्या, सुडाच्या चित्रपटातली आहे. १९८६ साली आलेला एन. चंद्रा यांचा 'अंकुश' हा तो चित्रपट. गाणे घराघरांत राहिले, चित्रपट मात्र विसरला गेला. आज आम्हाला त्या विसरलेल्या चित्रपटाविषयी आणि त्यातल्या कलावंतांविषयी बोलायचे आहे.

'अंकुश'ची गोष्ट साधी आहे. मुंबईतल्या एका वस्तीत चार बेकार पोरे आहेत. रवी, शशी, अर्जुन आणि लाल्या. शिकून काम नाही, घरात मान नाही, खिशात चहापुरते पैसे नाहीत. दिवसभर नाक्यावर बसायचे, कुणाशी तरी हाणामारी करायची आणि रात्री घरच्यांची बोलणी खायची, हे त्यांचे आयुष्य. अशा वेळी वस्तीत एक मुलगी आपल्या आजीबरोबर राहायला येते. तिचे नाव अनिता. ती या पोरांना गुंड समजून तोंड फिरवत नाही, त्यांच्याशी माणसासारखी बोलते. एवढ्यानेच पोरे बदलू लागतात. पण पैशाच्या आणि ओळखीच्या जोरावर माजलेले काही लोक तिच्यावर अत्याचार करतात. प्रकरण कोर्टात जाते, आरोपी सुटतात, अनिता जीव देते. मग ते चौघे कायदा हातात घेतात.

ही पोरे आम्हाला परकी वाटली नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पण हजारो घरांच्या चुली त्यात विझल्या. ज्या घरात बापाचा गिरणीचा पास हीच पोराच्या नोकरीची आशा होती, त्या घरातला पोरगा नाक्यावर येऊन बसला. परळ, लालबाग, वरळी, डिलाईल रोड येथल्या चाळींत असे कितीतरी रवी आणि लाल्या होते. पडद्यावरच्या या चौघांना पाहून प्रेक्षकांतल्या कित्येकांना वाटले असेल की हा तर आमचाच थोरला.

रवीच्या भूमिकेत नाना पाटेकर आहेत. १९७८ च्या 'गमन'पासून ते हिंदी पडद्यावर होते, पण हिंदी प्रेक्षकाने त्यांना खरे ओळखले ते 'अंकुश'मुळे. देखणा चेहरा नाही, नाच नाही. आहे तो आत कोंडलेला संताप. पुढे 'परिंदा' आणि 'क्रांतिवीर'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले आणि ते मोठे नट झाले. पण बाकीच्या तिघांचे काय? शशी झालेले मदन जैन, अर्जुन झालेले अर्जुन चक्रवर्ती आणि लाल्या झालेले सुहास पळशीकर. या तिघांशिवाय नानांचा रवी एकटा पडला असता. नाक्यावरची दोस्ती, एकमेकांची टिंगल, एकाला लागले की चौघांनी कळवळणे हे सारे चौघांनी मिळून उभे केले आहे. अनिता झालेल्या निशा सिंग यांनीही भूमिका कुठे रडवेली केलेली नाही. तरी आज या चौघांपैकी कुणाचे नाव सहजी कुणाला आठवत नाही.

आजीच्या भूमिकेत आपल्या आशालता वाबगावकर आहेत. गोव्याच्या मातीतल्या या गुणी अभिनेत्रीने 'मत्स्यगंधा' नाटकातली सत्यवती गाजवली होती. प्रार्थनेचे शब्द गीतकार अभिलाष यांचे, चाल कुलदीप सिंग यांची आणि स्वर पुष्पा पागधरे व सुषमा श्रेष्ठ यांचे. २०२० च्या सप्टेंबर महिन्यात काही दिवसांच्या अंतराने आशालताताई आणि अभिलाष दोघेही गेले. त्या दिवसांत ते गाणे पुष्कळांनी आठवले. चित्रपटाची आठवण थोड्यांनीच काढली.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. त्या काळी सुडाचे चित्रपट पैशाला पासरी होते. नायक खलनायकाला मारतो, टाळ्या पडतात आणि नायक नायिकेचा हात धरून निघून जातो. 'अंकुश' असे खोटे समाधान देत नाही. सूड घेणाऱ्या चौघांना शेवटी फाशी होते. अनिता परत येत नाही आणि चार घरे उजाड होतात. त्यांचा राग खोटा नव्हता, पण त्या रागाने दुसरी एखादी अनिता वाचली नाही. चित्रपटाचे नावच सारे सांगते. माजलेल्या हत्तीला अंकुश लागतो. पैशाच्या माजाला तो लागतो, तसा तरुणांच्या रागालाही लागतो. हा अंकुश कुणाच्या हाती असावा, हा प्रश्न घेऊन आपण घरी येतो.

त्याचे उत्तर पडद्याबाहेर मिळते. १९७२ साली आपल्या विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. त्या निकालाविरुद्ध देशभरातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. १९९२ मध्ये राजस्थानात भंवरीदेवींवर अत्याचार झाला, तेथेही खालच्या कोर्टाने आरोपींना सोडले. पण त्यातून उभ्या राहिलेल्या लढ्यामुळे १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या जागी स्त्रियांच्या छळाविरुद्ध नियम घालून दिले आणि २०१३ मध्ये त्याचा कायदा झाला. दहा किंवा अधिक माणसे काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी आज तक्रार समिती असणे बंधनकारक आहे. घरकाम करणाऱ्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागता येते. अनिताच्या वेळी कामाच्या जागेसाठीचे हे नियम आणि या समित्या नव्हत्या. जे आले ते सुऱ्याने आले नाही. मोर्चाने, अर्जाने आणि चिकाटीने आले. कोर्टात अजूनही उशीर होतो, अजूनही अन्याय होतो, हे आम्ही नाकारत नाही. पण हा रस्ता बांधायला कित्येकींनी आयुष्य घातले आहे. तो चालायचा सोडून कसे चालेल?

म्हणून आमची विनंती आहे. एखाद्या रविवारी 'अंकुश' मिळवा आणि कळत्या मुला-मुलींना शेजारी बसवून पाहा. लहान मुलांना मात्र नको, प्रसंग कठोर आहेत. पाहून झाल्यावर लगेच उठू नका. मुलाला विचारा, तू त्या नाक्यावर असतास तर काय केले असतेस? मुलीला सांगा, कामावर कुणी त्रास दिला तर गप्प बसू नकोस, आम्ही तुझ्या पाठीशी आहोत. अनिताला कोर्टात हरल्यावर जगावेसे वाटले नाही. आपल्या लेकीवर ती वेळ येऊ नये. मग दुसऱ्या दिवशी शाळेत ती प्रार्थना सुरू झाली की त्या चौघांची आणि अनिताची आठवण मुलांना आपोआप होईल.